डाव्या डोळ्यातला उजेड

डिचोली,
२८ नोव्हेंबर १९७४

चि. सौ. सुमंगला हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. सगळी सुखरूप कोरगावला पोचलात, सासूबाईंचा गुडघा बरा आहे, जयरामरावांनी काजूच्या बागेची सफाई सुरू केली, हे वाचून बरं वाटलं. भाऊबीजेला तू होतीस ते चार दिवस घर भरल्यासारखं होतं. तुझी वहिनी म्हणते, तुझी पोर सुमन परत गेल्यापासून घरात काही सांडत नाही, काही फुटत नाही, आणि त्यामुळे करमत नाही.

सोबत सुमनचा फोटो पाठवतो आहे. कॅबिनेट साइज आहे आणि दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घातला आहे. पोस्टमनने वाकवला असेल तर मला कळव. त्यालाही कधीतरी फोटो लागेल आणि तो कसा यावा हे माझ्या हातात आहे.

फोटो नीट बघ आणि खरं सांग, म्हापशाला तरी असा कोणी काढतो का? गोवा मुक्त झाल्यापासून बारा वर्षं मी माणसांना दोन मोठ्या दिव्यांखाली बसवून भाजत आलो. ‘हलू नका’ म्हणायचं, की माणूस श्वास कोंडून, डोळे ताणून बसणार. नोकरीच्या अर्जाला आणि रेशनकार्डाला तेवढं चालायचं. आता लोकांना स्वतःचा चेहरा बघायचा आहे. सुर्ल्याचे ट्रकवाले लग्नाला उभे राहिले की आधी माझ्याकडे येतात, गालावरचे खड्डे बुजवून द्या म्हणतात, आणि मी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून ते बुजवतो. खाणीची धूळ एकाच्याही चेहऱ्यावर राहू देत नाही.

बेळगावहून आणलेला विजेचा फ्लॅश आता चांगला हाताला बसला आहे. डोळ्याचं पातं लवायच्या आत उजेड पडून जातो. लहान मुलं हलतात म्हणून पूर्वी मी ती परत पाठवायचो, आता मीच आयांना मुलं घेऊन या म्हणतो. आणखी एक युक्ती शिकलो. गिऱ्हाईकाला लहान फोटो दाखवायचाच नाही, आधी मोठा हातात द्यायचा. स्वतःच्या मुलाचा एवढा मोठा चेहरा एकदा हातात धरला की कोणी लहान मागत नाही. तू हसशील, पण महिन्याभरात धंद्याची तऱ्हाच बदलली.

आता तुझ्या पत्रातली मुख्य गोष्ट. संध्याकाळी दिवा घेऊन तू खोलीत शिरलीस की सुमनचा डावा डोळा मांजरासारखा चमकतो, असं तू लिहिलंस. जयरामराव सोमवारी तिला म्हापशाला डॉक्टरकडे न्यायचं म्हणताहेत, आणि ‘दादा, तुला उजेडातलं कळतं, नेऊ का?’ असं विचारलंस.

तुझ्यापासून लपवत नाही. फोटोतही तसंच आलं होतं, डाव्या डोळ्याची बाहुली पांढरी. फ्लॅश भिंगाच्या अगदी जवळ असला की उजेड डोळ्यात शिरून तसाच परत येतो. पोर जरा बाजूला बघत होती, म्हणून एकाच डोळ्यात आला असेल. हा दोष पोरीचा नाही, माझ्या फ्लॅशचा आहे, आणि तुझ्या घरी तो तुझ्या दिव्याचा आहे. मी ब्रशने शाईचा एक ठिपका ठेवला आणि डोळा काळाभोर झाला. तुला सांगितलं नसतं तर कळलंही नसतं.

तेव्हा म्हापशाला हेलपाटा घालू नका. बागेची कामं ऐन भरात असताना जयरामरावांचा दिवस कशाला मोडतेस? आई गेल्यापासून तू लहानसहान गोष्टींना घाबरतेस, हे मला माहीत आहे. तुझ्या वेण्या घालून तुला शाळेत पाठवली ती मीच ना? उजेडाचं माझ्यावर सोड.

जयरामरावांना नमस्कार, सासूबाईंना सा. नमस्कार. सुमनच्या गालाचा पापा घे.

तुझा,
दादा


डिचोली,
२२ मे १९७५

चि. सौ. सुमंगला हिस,
अनेक आशीर्वाद.

शिरगावच्या जत्रेला तुम्ही आलात आणि माझ्याकडे दोन रात्रीही राहिला नाहीत, याबद्दल तुझी वहिनी रागावली आहे. मी तिला समजावलं, की पावसाच्या आधी घर शाकारायचं असतं. तरी पुढच्या खेपेला चार दिवस काढून या.

जत्रेच्या आठवड्यात मला जेवायला फुरसत नव्हती. देवीचं व्रत केलेले धोंड हातात वेताच्या काठ्या घेऊन रांगेने बसले होते. एका म्हाताऱ्याने शोकेसमधल्या सुमनच्या फोटोकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, “माझो रेत्रात ह्या चेडवासारको येवंक जाय.” सत्तर वर्षांचा माणूस, तोंडात चार दात, आणि फोटो पाहिजे सुमनसारखा. मी म्हटलं, “बाबा, बसा, बघूया.” बाजूने उजेड टाकून काढला. फोटो घेऊन जाताना त्याने माझे दोन्ही हात धरले.

हो, सुमनचा तो पहिला फोटो मोठा करून शोकेसमध्ये लावला आहे, हे तू पाहिलंसच. तुला न विचारता लावला याचा राग धरू नकोस. रस्त्याने जाणारी बाई त्या फोटोपुढे थांबते आणि पुढच्या आठवड्यात स्वतःचं मूल घेऊन येते. मये, कारापूर, साखळी, कुठून कुठून लोक येतात. माझ्या दुकानाची लक्ष्मी म्हणजे तुझी पोर.

या खेपेला काढलेला तिचा फोटो सोबत आहे. यात मी उजेडाची पद्धत बदलली आहे. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढला, हातभर डावीकडे आणि वर नेला, आणि त्याच्यापुढे पांढरी मलमल ताणली. उजेड मऊ पडतो, नाकाची सावली गालावर हलकेच उतरते, आणि डोळ्यातला तो पांढरा दोष आता कोणाच्याच फोटोत येत नाही. सुमनच्याही नाही. बघ, दोन्ही डोळे कसे काळे आले आहेत. म्हणजे मी म्हणत होतो ते खरं ठरलं, दोष दिव्याच्या जागेचाच होता.

तू लिहितेस की तिचा डावा डोळा नाकाकडे वळायला लागला आहे, आणि दारातून जाताना डाव्या बाजूला आपटते. अगं, दोन वर्षांची पोर चालते कुठे, धावते. आपटणारच. सासूबाई म्हणतात ना, किंचित तिरळं मूल घराला भाग्य आणतं? यावेळी मी त्यांच्या बाजूचा. फोटोत मी तिला तीन बोटं उजवीकडे वळवून बसवली, म्हणून तिरळेपण दिसतसुद्धा नाही. लग्नाच्या मुलींना मी असंच बसवतो.

निगेटिव्ह भिंगाखाली धरली तेव्हा डाव्या बाहुलीत आत खोल काहीतरी फिकट वाटलं. असो. पाण्याचा डाग असेल, या दिवसांत विहिरीचं पाणी गढूळ असतं.

पाऊस सुरू होण्याआधी छपराकडे लक्ष द्या. जयरामरावांना नमस्कार.

तुझा,
दादा


डिचोली,
९ डिसेंबर १९७५

चि. सौ. सुमंगला हिस,
आशीर्वाद.

बरेच दिवसांत पत्र नाही. तुझं नाही आणि माझंही नाही. इथे सगळं ठीक आहे. थंडी पडली आहे. वहिनीला सर्दी झाली होती, आता उतरली.

सुमन कशी आहे? जेवते का नीट? सकाळी उठल्यावर उलटी वगैरे होते का? डोकं दुखतं असं म्हणते का? तिला सांगता येत नसेल तर डोक्याला हात लावते का, ते बघ. डोळा लाल होतो का, सुजतो का? सहज विचारतो आहे. इथे मुलांमध्ये एक साथ चालू आहे.

आणखी एक काम. तुझ्याकडे तिचा जो पहिला फोटो आहे, भाऊबीजेचा, तो भिंतीवरून काढून ठेव. कागद पिवळा पडतो, मी दुसरा करून देईन. शोकेसमधलाही मी काढला आहे. कोणी विचारलं तर काच पुसायला काढला असं सांगतो.

येत्या रविवारी मी कोरगावला येतो. कॅमेरा घेऊन येतो, तुमच्या सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा केव्हापासून राहिला आहे. जयरामरावांना घरी थांबायला सांग. जेवायला काही विशेष करू नकोस.

दादा


डिचोली,
सोमवार, १५ डिसेंबर १९७५

सुमंगला,

हे पत्र मी टपालात टाकत नाही. पेडण्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर बाबली संध्याकाळी निघतो आहे, तो स्वतः वाकडी वाट करून तुझ्या हातात देईल. जयरामराव घरात असतील तर त्यांना हाक मार आणि दोघं मिळून वाचा. सासूबाईंना नंतर सांगा.

सुमनच्या डाव्या डोळ्यात रोग आहे. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने तिला घेऊन निघायचं आहे, म्हापशाला उतरून पणजीच्या मोठ्या इस्पितळात. तिथे डोळ्यांच्या विभागात तारा नावाची नर्स आहे, ती दहाच्या आत दारात उभी राहील. तिला मी कळवलं आहे. हे आधी लिहिलं, कारण पुढचं वाचून तू पत्र फाडून टाकलंस तरी एवढं हाती राहावं.

आता पुढचं.

ही तारा आपल्याच डिचोलीची, बाजारातल्या सदाशिव शिंप्याची मुलगी. तिला कुवेतला नोकरी लागायची आहे, म्हणून २९ नोव्हेंबरला ती पासपोर्टचा फोटो काढायला आली. त्या दिवशी मी नाताळासाठी शोकेसमध्ये लावायला सुमनच्या पहिल्या निगेटिव्हवरून आणखी मोठा फोटो केला होता आणि वाळायला चिमट्याला टांगला होता. ब्रश अजून फिरवायचा होता. तारा केस नीट करायला आरशाकडे गेली आणि तिथेच थांबली.

“हें भुरगें कोणाचें?” तिने विचारलं.

मी म्हटलं, माझी भाची.

“हो दोळो दोतोराक दाखयला?”

मी हसून म्हटलं, अगं, तो फ्लॅशचा उजेड आहे, आता ठिपका ठेवीन, जाईल. ती हसली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, “फ्लॅशाचो उजवाड दोनूय दोळ्यांनी येता, सगुणबाब. एकाच दोळ्यान कसो येतलो?”

सुमंगला, हे मला माहीत होतं. तिने सांगायच्या आधी, तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही माहीत होतं. ही फोटोच्या धंद्यातली अगदी प्राथमिक गोष्ट आहे. फ्लॅश भिंगाजवळ असला की दोन्ही बाहुल्या फिकट होतात, एक कधीच नाही. तुला मी लिहिलं की पोर बाजूला बघत होती. ती बाजूला बघत नव्हती. भिंगालगत धरलेल्या माझ्या बोटातल्या अंगठीकडे, म्हणजे सरळ भिंगात बघत होती. तो फोटो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो होता आणि त्यात तेवढा एक डोळा बिघडला होता. मला तो डोळा नीट करायचा होता, म्हणून मी कारण शोधलं, आणि तेच कारण तुला पाठवलं.

ताराने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्यावर कधी कधी गाठ होते. तिच्यावर पडलेला उजेड पांढरा होऊन परत येतो, म्हणून अंधारात डोळा मांजरासारखा दिसतो. आई बहुतेक वेळा सर्वांच्या आधी बघते, असं ती म्हणाली. पुढे डोळा वळायला लागतो. मग गाठ डोळ्याच्या मागच्या नसेतून डोक्यात शिरते, आणि तसं झालं तर मूल वाचत नाही. वेळेत आणलं तर डॉक्टर तो डोळा काढून टाकतात आणि मूल जगतं. “आनी दीस वगडावं नाकात,” एवढं शेवटी म्हणाली, आणि फोटो न काढताच गेली.

मी दिवस घालवले. एकोणतीस तारखेपासून आजपर्यंत सोळा दिवस. पहिले तीन दिवस मी स्वतःशी म्हणत होतो, नर्स म्हणजे काही डॉक्टर नव्हे. पुढे तुला लिहायला बसायचो आणि भीती वाटायची. सुमनची भीती असती तर मी त्याच दिवशी कोरगावला धावलो असतो. मला तुझी भीती वाटत होती. वर्षभरापूर्वी जयरामराव सोमवारी म्हापशाला निघाले होते, गाडी ठरली होती, आणि मी त्यांना थांबवलं, हे तुझ्या लक्षात येईल त्या क्षणाची. नऊ तारखेचं पत्र मी चार वेळा लिहिलं. चारही वेळा ते वाक्य आलं की कागद टाकून दिला आणि शेवटी साथीबद्दल खोटं लिहून पाठवलं. इथे कसलीही साथ नाही.

काल मी तुझ्याकडे आलो ते एकत्र फोटोसाठी नव्हे. ताराने घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट सांगितली होती, ती करायला आलो होतो. ओसरीवर मी सुमनला मांडीवर घेतलं आणि तिच्या डाव्या डोळ्यावर हात ठेवला. ती अंगणातल्या कोंबड्या मला दाखवत होती, तशीच दाखवत राहिली. मग हात उजव्या डोळ्यावर नेला. कोंबड्या दाखवायचं तिने थांबवलं. माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाली, “मामा, काळोख जालो.” आणि रडायला लागली.

तुला आठवत असेल, तेव्हाच तू आतून चहा घेऊन आलीस. जयरामराव हसत म्हणाले, “सगुणबाब, चेडवाक कित्याक रडयतात?” सासूबाई म्हणाल्या, “मामाचो हात थंड आसतलो, म्हणान रडता.” आणि मी काय केलं? मी चहा प्यायलो. काजूच्या मोहराबद्दल बोललो. तू मला पिशवीत नारळ घालून दिलेस तेही घेतले.

निघण्याआधी मी सुमनचा एकटीचा फोटो काढला. तू म्हणालीस, दादा, आज फ्लॅश पूर्वीसारखा कॅमेऱ्यावरच का लावलास, बाजूला नाही का धरायचा? तुझं सगळीकडे लक्ष असतं. खोलीची खिडकीही मी मुद्दाम लावून घेतली होती. मला तो चुकीचाच फोटो हवा होता. वर्षभर मी फ्लॅश बाजूला नेऊन, मलमल ताणून, पोरीला तीन बोटं वळवून बसवून जे दिसेनासं केलं, ते मला पुन्हा बघायचं होतं. माझं तंत्र जितकं सुधारत गेलं तितका तो डोळा झाकला गेला. लोक त्यासाठी मला जास्त पैसे देत होते आणि मी ते घेत होतो.

मे महिन्यातल्या निगेटिव्हबद्दल मी लिहिलं होतं ना, पाण्याचा डाग? मी ती निगेटिव्ह त्याच वेळी पुन्हा धुऊन पाहिली होती. डाग गेला नव्हता. हे मी वहिनीलाही सांगितलं नाही.

आज सकाळी कालची फिल्म धुतली. डावी बाहुली पूर्ण पांढरी आहे, पहिल्या फोटोत होती त्याच्या दुप्पट. त्याची मनाची तयारी होती.

उजव्या डोळ्यातही आहे.

बाहुलीच्या खालच्या कडेला, तांदळाच्या कणीएवढं. आधी वाटलं धूळ. निगेटिव्ह पुन्हा धुतली, वाळवली, दुसरा कागद घेऊन छापली. पुन्हा तिथेच. कॅमेऱ्याचं भिंग पुसून त्याच खोलीत वहिनीला बसवलं आणि तिचा फोटो काढून बघितला. तिचे दोन्ही डोळे सारखे आहेत. म्हणजे धूळ नाही, भिंग नाही, फ्लॅशही नाही. दुपारी पोस्टातून ताराला इस्पितळात फोन लावला. कणी कुठे आणि केवढी आहे ते तिने माझ्याकडून दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, डावा डोळा बहुधा काढावा लागेल, पण उजव्यातलं लहान असेल तर त्यावर उपाय करता येतो, मुंबईला पाठवतात, डोळा राहू शकतो. राहीलच असं ती म्हणाली नाही. उद्याच आणा म्हणाली. मी परवा म्हटलं असतं तरी तिने ऐकलं नसतं.

पाकिटात तीन फोटो घातले आहेत, भाऊबीजेचा, जत्रेतला आणि कालचा. तिन्हींवर ब्रश नाही, पेन्सिल नाही. मागे तारखा लिहिल्या आहेत. डॉक्टरांना ते द्या, केव्हापासून किती वाढलं हे त्यांना त्यावरून कळेल. डॉक्टरांनी विचारलं की इतके दिवस का आणलं नाही, तर माझं नाव सांगा. गप्प बसून तो दोष आपल्या अंगावर घेऊ नकोस. तू पहिल्याच महिन्यात पाहिलं होतंस आणि विचारलं होतंस. जयरामरावांनीही पोरीला न्यायची तयारी केली होती. दोघांनाही अडवलं ते मी.

उद्या मी म्हापशाच्या स्टँडवर उभा असेन. इस्पितळात लागेल तेवढा खर्च माझ्याजवळ आहे, त्याचा विचार करू नका. माझं तोंड बघायचं नसेल तर माझ्याकडे न बघता पणजीच्या गाडीत बसा, मी मागच्या बाकावर बसेन. गाडीत चढू नको म्हणालीस तर पाकीट जयरामरावांच्या हातात देऊन खालीच उभा राहीन. जयरामरावांनी चारचौघांत हात उगारला तरी चालेल. पण माझ्यावरच्या रागापायी तासभरसुद्धा उशीर करू नका, एवढंच मागतो. तेवढा तास सुमनचा आहे.

माफी मागायला मी हे लिहिलेलं नाही. ती मागण्यासारखी माझी जागा उरलेली नाही आणि आज तुला तेवढी सवडही नाही. पत्राच्या वर आशीर्वाद लिहायला हात उचलला होता, पण लिहिला नाही. माझा शब्द तू देवाच्या शब्दासारखा धरलास म्हणून हे झालं. इथून पुढे माझं काही ऐकू नकोस, उद्याच्या गाडीएवढं सोडून.

वाचून झालं की खाली बसू नकोस. पोरीचे दोन झगे आणि एक शाल बांध, दुधाची बाटली घे, सासूबाईंना शेजारी कोणाच्या तरी हवाली कर. सुमन विचारेल कुठे जायचं, तर मामाकडे असं सांगू नकोस, पणजीला जायचं म्हण. तिच्यासमोर रडू नकोस, तिला अजून तुझा चेहरा दिसतो.

सगुण